विंडोजचं सॉफ्टवेअर, लिनक्सचा लॅपटॉप आणि मधला ऑडिओ इंटरफेस



रविवारी रात्री साडेनऊला फोन आला. "सर, गाणी वाजतायत पण माइक येत नाही. उद्या दुपारपर्यंत चार जाहिराती द्यायच्यात."

आपला जुना विद्यार्थी. तालुक्याच्या गावात त्याचा एका खोलीचा रेकॉर्डिंगचा धंदा आहे. रिक्षावर भोंगा बांधून गावभर फिरणाऱ्या जाहिराती तो बनवतो: साडीचा सेल, क्लासचे प्रवेश, आणि निवडणूक लागली की उमेदवारांचा प्रचार. सामान मोजकंच. एक कंडेन्सर माइक, दोन इनपुटचा यूएसबी ऑडिओ इंटरफेस, एफएल स्टुडिओचं पैसे देऊन घेतलेलं लायसन्स आणि सहाव्या पिढीच्या आय-फाइव्हचा लॅपटॉप. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला. विंडोज ११ ला इंटेलचा आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा प्रोसेसर आणि टीपीएम २.० लागतं, म्हणजे या लॅपटॉपला तिथे अधिकृत प्रवेश नाही. नवीन लॅपटॉपला पैसे नव्हते, म्हणून आपलाच व्हिडिओ बघून त्याने लिनक्स मिंट २२ टाकलं आणि एफएल स्टुडिओ वाइनमध्ये बसवला. म्हणजे यात माझीही जबाबदारी होती.

आणि त्या रात्री मी त्याला चुकीचा सल्ला दिला. "कंपनीच्या साइटवरून विंडोजचा ड्रायव्हर उतरव आणि वाइनमध्येच इन्स्टॉल कर," असं सांगितलं. ड्रायव्हरचा इन्स्टॉलर अगदी शेवटपर्यंत गेला, "फिनिश" म्हणाला, आणि काहीही बदललं नाही. रीस्टार्ट, परत इन्स्टॉल, परत रीस्टार्ट. रात्रीचा एक वाजला. शेवटी त्याने मोबाइलवर रेकॉर्डिंग करून चार फाइल दिल्या. दोन चालल्या, दोन परत आल्या, कारण खोलीचा घुमारा ऐकू येत होता. त्या दोन जाहिरातींचे पैसे गेले.

मंगळवारी तो लॅपटॉप आणि सगळं सामान घेऊन क्लासवर आला, आणि पाऊण तासात काम झालं. त्या पाऊण तासात काय केलं, तेच आज लिहितोय. टाइप करायच्या कमांड व्हिडिओच्या खाली दिल्यात, तिथून कॉपी करा. इथे मुद्दाम लिहीत नाही, कारण फक्त कमांड चिकटवायच्या आणि कशासाठी ते माहीत नाही, यातूनच माझी त्या रात्रीची चूक झाली.

वाइनमध्ये ड्रायव्हर का टाकायचा नाही

वाइन हा दुभाषा आहे. विंडोजचा प्रोग्राम विंडोजच्या भाषेत काहीतरी मागतो, वाइन ती मागणी लिनक्सच्या भाषेत पुढे पाठवतो. वाइनच्या आत खरं विंडोज नसतं. सी ड्राइव्ह म्हणून जो दिसतो तो तुमच्या होम फोल्डरमधलाच एक साधा फोल्डर असतो.

हार्डवेअरशी थेट बोलायचा अधिकार फक्त लिनक्सच्या कर्नलला आहे. ऑडिओ इंटरफेसचा विंडोज ड्रायव्हर हा विंडोजच्या कर्नलमध्ये बसण्यासाठी बनवलेला असतो, आणि इथे तो कर्नलच नाही. भाडेकरूने आपल्या खोलीत मोटरचा स्वतःचा स्टार्टर बसवला तरी विहिरीवरची मोटर चालू होत नाही, कारण वायर मालकाच्या बोर्डातून जाते. तसंच हे. इन्स्टॉलरने फाइली कॉपी केल्या, त्याचं काम झालं, म्हणून तो "फिनिश" म्हणाला. यूएसबीवरच्या डब्याला त्याचा पत्ताही नाही.

मग विंडोजवर ड्रायव्हर लागतोच, ही सवय आपल्याला लागली कुठून? यूएसबीवरून आवाज कसा न्यायचा याचं एक सार्वजनिक प्रमाण आहे, यूएसबी ऑडिओ क्लास. त्याची दुसरी आवृत्ती २००६ मध्ये आली. पण विंडोजमध्ये तिचा तयार ड्रायव्हर यायला २०१७ चं क्रिएटर्स अपडेट उजाडावं लागलं. मधली दहा-अकरा वर्षं प्रत्येक कंपनीला स्वतःचा ड्रायव्हर द्यावाच लागत होता. लिनक्सच्या कर्नलमध्ये मात्र या प्रमाणाचा ड्रायव्हर आतच असतो. जो डबा हे प्रमाण पाळतो, तो जोडला की ओळखला जातो.

दुकानात नवीन इंटरफेस घेताना सोपी परीक्षा सांगतो. "हा आयपॅडला वेगळा ड्रायव्हर न टाकता चालतो का?" एवढं विचारा. चालत असेल तर तो क्लास कम्प्लायंट आहे, आणि लिनक्सवर तो जवळजवळ नेहमीच चालतो. "लिनक्सवर चालेल का" असं विचारलंत तर काउंटरवरचा मुलगा तुमच्याकडे बघत राहील.

टाकी आधी, नळ नंतर

नळाला पाणी आलं नाही तर चांगला प्लंबर आधी नळ उघडत नाही. तो वर जाऊन टाकी बघतो, मग मेन कॉक, मग पाइप. आपण मात्र एफएल स्टुडिओच्या सेटिंगमध्ये, म्हणजे नळापाशीच, दोन तास घालवतो.

टाकी म्हणजे कर्नल. वाइन बंद करा, एफएल स्टुडिओ बंद करा. इंटरफेस लॅपटॉपच्या स्वतःच्या पोर्टला जोडा, हबला नाही. व्हिडिओतल्या पहिल्या कमांडने यूएसबीला काय काय जोडलंय त्याची यादी येते. दुसरी कमांड फक्त रेकॉर्डिंग करू शकणारी उपकरणं दाखवते. दोन्हीत तुमच्या डब्याचं नाव दिसलं पाहिजे.

पहिल्याच यादीत नाव नसेल तर आधी केबल बदला. हसू नका. मोबाइलच्या चार्जरसोबत येणाऱ्या काही केबलमध्ये फक्त चार्जिंगच्या तारा असतात, डेटाच्या नसतात. डब्यावरचा दिवा लागतो, आणि आपल्याला वाटतं सगळं ठीक आहे. पहिल्या यादीत नाव आहे पण दुसऱ्यात नाही, असं झालं तर बहुतेक वेळा तो डबा प्रमाण पाळत नाही, कंपनीची स्वतःची भाषा बोलतो. तिथे वाइनशी झगडण्यात अर्थ नाही. डबा विकून दुसरा घ्या, मी तरी तेच सांगेन.

फोकसराइटच्या स्कारलेट मालिकेतला तिसऱ्या पिढीचा सोलो किंवा २आय२ ज्यांनी कोरा करकरीत घेतलाय त्यांच्यासाठी एक गोष्ट. तो सुरुवातीला एका छोट्या पेन ड्राइव्हसारखाही दिसतो, आत नोंदणीची लिंक असते. विंडोज किंवा मॅकवर नोंदणी केली की ही अवस्था जाते. लिनक्सवर ४८ व्होल्टचं बटण दाबून धरून केबल जोडायची आणि पाचेक सेकंद बटण सोडायचं नाही. पेन ड्राइव्ह गायब होतो आणि डबा पूर्ण क्षमतेने काम करतो.

आता मेन कॉक. मिंट २२ मध्ये आवाजाची वाटावाटी पाइपवायर नावाचा सर्व्हर करतो. ब्राउझर, व्हिडिओ प्लेअर, वाइन, सगळ्यांचा आवाज त्याच्यातून जातो. त्याच्यावर नजर ठेवायला पल्सऑडिओ व्हॉल्यूम कंट्रोल हे छोटं सॉफ्टवेअर टाका. नावात पल्सऑडिओ असलं तरी पाइपवायरबरोबर ते व्यवस्थित चालतं. त्यात कॉन्फिगरेशनच्या टॅबमध्ये तुमच्या इंटरफेससमोर प्रोफाइलची यादी असते. तिथून "प्रो ऑडिओ" निवडा. मग इनपुट डिव्हाइसेसच्या टॅबवर जा, माइकसमोर बोला आणि पट्टी हलते का बघा. कंडेन्सर माइक असेल तर डब्यावरचं ४८ व्होल्ट चालू पाहिजे.

इथे पट्टी हलत नसेल तर वाइन उघडूच नका. आवाज अजून लिनक्सपर्यंतच पोचलेला नाही, मग विंडोजच्या प्रोग्रामपर्यंत कुठून पोचणार? त्या रात्री ही एक गोष्ट बघितली असती तर मला फोनवरच कळलं असतं. मंगळवारी आम्ही बघितलं तेव्हा पट्टी मस्त हलत होती. म्हणजे टाकी भरलेली, कॉक उघडा, ड्रायव्हरचा प्रश्न कधी नव्हताच.

प्रो ऑडिओ प्रोफाइल का, तेही सांगतो. साध्या प्रोफाइलमध्ये दोन इनपुट मिळून एक स्टिरिओ जोडी मानली जाऊ शकते. मग पहिल्या इनपुटचा माइक फक्त डाव्या कानात येतो. हेडफोनवर हे लगेच कळतं, पण रिक्षाच्या अॅम्प्लिफायरला एकच बाजू जोडलेली असते, आणि ती नेमकी उजवी असली तर रिक्षा गावभर फिरते पण जाहिरात मुकी. प्रो ऑडिओमध्ये दोन्ही इनपुट वेगवेगळे मिळतात. शिवाय भोंग्यासाठीची फाइल एक्सपोर्ट करताना मोनोच करा.

वाइनपर्यंत पाइप

वाइनचं कॉन्फिगरेशन उघडलं की ऑडिओचा एक टॅब असतो. त्यात कोणता ड्रायव्हर निवडलाय ते लिहिलेलं असतं, बहुतेक पल्सचं नाव दिसेल, आणि "टेस्ट साउंड" असं बटण असतं. दाबा. आवाज आला पाहिजे. त्याच पानावर इनपुट आणि आउटपुटसाठी तुमचा इंटरफेस निवडता येतो.

पुढे दोन रस्ते आहेत, आणि कोणता घ्यायचा हे तुमचं सॉफ्टवेअर काय मागतं त्यावर ठरतं.

साध्या व्हॉइस रेकॉर्डरला, भाषा शिकायच्या प्रोग्रामला, मीटिंगच्या जुन्या सॉफ्टवेअरला विंडोजचा नेहमीचा आवाज पुरतो. त्यांना वरचा टेस्ट साउंड आणि निवडलेला इनपुट एवढंच लागतं. तुमचं काम इथेच झालं, पुढचा भाग सोडून दिलात तरी चालेल.

एफएल स्टुडिओसारख्या संगीताच्या सॉफ्टवेअरला मात्र रेकॉर्डिंगसाठी एएसआयओ हवं असतं. एएसआयओ ही स्टाइनबर्ग या जर्मन कंपनीने १९९७ मध्ये आणलेली पद्धत. विंडोजच्या आवाजाच्या यंत्रणेला वळसा घालून सॉफ्टवेअरला इंटरफेसशी जवळून बोलू देणं हा तिचा हेतू. लिनक्सवर हा वळसा वाइनएएसआयओ नावाच्या पुलावरून घेतात. एफएल स्टुडिओला वाटतं समोर एएसआयओचा ड्रायव्हर आहे, आणि पुलाच्या दुसऱ्या टोकाला असतो जॅक, लिनक्सवरचा स्टुडिओच्या कामाचा साउंड सर्व्हर. आता जॅक वेगळा चालवायची गरज नाही, पाइपवायर स्वतःच जॅकचं सोंग घेऊ शकतो.

वाइनएएसआयओ तुमच्या डिस्ट्रोच्या भांडारात नसेल तर केएक्सस्टुडिओच्या भांडारात मिळतं. तीन ठिकाणी लोक अडकतात. आम्ही तिन्ही ठिकाणी अडकलो.

पहिलं, फाइल कुठे गेली. वाइन मिंटच्या भांडारातून घेतलं तर ते एका जागी बसतं, वाइनएचक्यूच्या अधिकृत पॅकेजातून घेतलं तर ऑप्ट नावाच्या फोल्डरमध्ये. वाइनएएसआयओच्या फाइली एका जागी पडतात आणि वाइन भलत्याच जागी शोधतं. फाइली दोन असतात, एक विंडोजच्या बाजूची आणि एक लिनक्सच्या बाजूची, आणि दोन्ही आपापल्या फोल्डरमध्ये लागतात. एकच टाकली तर पूल अर्धाच बांधला. एफएल स्टुडिओ ६४ बिटचा असेल तर फाइलीही ६४ बिटच्याच बघा.

दुसरं, नोंदणी. फाइल ठेवून भागत नाही, वाइनच्या रजिस्ट्रीत तिची नोंद करावी लागते. आणि ही नोंद प्रत्येक वाइन प्रीफिक्समध्ये वेगळी असते. प्रीफिक्स म्हणजे तो खोट्या सी ड्राइव्हचा फोल्डर. आमच्याकडे एफएल स्टुडिओ एका वेगळ्या प्रीफिक्समध्ये होता आणि आम्ही नोंदणी केली मूळ प्रीफिक्समध्ये. यादीत नाव दिसेना. दहा मिनिटं यातच गेली. सुरुवात करणाऱ्यांनी फ्लॅटपॅकमधलं बॉटल्स वापरू नये असं मी म्हणतो ते यासाठी. ते बंद डब्यात चालतं, आणि बाहेरचा पूल त्या डब्यात नेणं हे वेगळंच काम होऊन बसतं.

तिसरं, पाइपवायरचं जॅक. त्याचं पॅकेज टाकलेलं असावं लागतं, आणि मिंट किंवा उबुंटूवर एफएल स्टुडिओ सुरू करताना कमांडच्या आधी पीडब्ल्यू-जॅक हा शब्द लावावा लागतो. तो लावला नाही तर एफएल स्टुडिओच्या यादीत वाइनएएसआयओ दिसतं, निवडलं की एरर येते, आणि आपण पुन्हा ड्रायव्हरला शिव्या घालतो. एकदा चाललं की डेस्कटॉपवरच्या आयकॉनच्या आतली कमांडच बदलून टाका, म्हणजे रोज टाइप करायला नको.

हे झालं की एफएल स्टुडिओच्या ऑडिओ सेटिंगमध्ये डिव्हाइस म्हणून वाइनएएसआयओ निवडा. तिथेच सॅम्पल रेट बघा. एफएल स्टुडिओ सहसा ४४१०० वर असतो आणि पाइपवायर मुळात ४८००० वर. वाइनएएसआयओ हा रेट स्वतः बदलू शकत नाही, म्हणून दोन्हीकडे एकच आकडा ठेवा. आम्ही ४८००० केला आणि मिक्सरच्या इनपुटमध्ये माइक उमटला. त्याने माइकसमोर पहिलं वाक्य म्हटलं ते साडीच्या सेलचं.

टकटक आणि उशीर

आता बफर. सॉफ्टवेअर आवाज थेंबथेंब घेत नाही, तांब्या भरून घेतं. तांब्या मोठा तर उशीर जास्त पण काम निवांत. तांब्या छोटा तर उशीर कमी, पण प्रोसेसरला धावपळ, आणि एखादी खेप चुकली की कानात टकटक. ४८००० च्या रेटला १०२४ चा बफर म्हणजे सुमारे २१ मिलिसेकंद, ५१२ म्हणजे जवळपास ११, आणि २५६ म्हणजे ५ च्या थोडं वर. हा एका खेपेचा हिशेब झाला. जाताना आणि येताना मिळून यापेक्षा जास्त होतो.

वाइनएएसआयओच्या मूळ सेटिंगमध्ये बफरचा आकडा एफएल स्टुडिओच्या खिडकीतून बदलत नाही, तो पाइपवायर ठरवतो. खिडकीत कितीही खटपट केली तरी आकडा हलत नाही आणि माणूस हैराण होतो. पाइपवायरकडून बदलायची कमांड व्हिडिओखाली आहे. आम्ही २५६ ठेवला, टकटक आली. ५१२ ला गेली. जुना लॅपटॉप आहे, तिथेच थांबलो. खरंच खेप चुकतेय का हे बघायला पीडब्ल्यू-टॉप ही कमांड आहे. तिच्यात ईआरआर नावाचा रकाना असतो. रेकॉर्डिंग चालू असताना तो आकडा वाढत असेल तर बफर वाढवा. वाढत नसेल आणि तरी टकटक असेल तर माइकची केबल आणि अर्थिंगही तपासा.

या धंद्याला उशीर किती महत्त्वाचा? कीबोर्ड वाजवणाऱ्याला फार, जाहिरात बोलणाऱ्याला कमी. बऱ्याच इंटरफेसवर डायरेक्ट मॉनिटर नावाचं बटण किंवा नॉब असतो. तो चालू केला की तुमचा आवाज लॅपटॉपमध्ये न जाता डब्यातूनच थेट हेडफोनला येतो, उशीर शून्य वाटतो. एफएल स्टुडिओतून परत येणारा आवाज तेवढा बंद ठेवा, नाहीतर दोन वेळा ऐकू येईल. संगीतावर बोललेला टेक मात्र किंचित मागे पडू शकतो, तो थोडा पुढे सरकवून घ्यायचा. टाळी वाजवून एकदा मोजून ठेवलं की दर वेळी तेवढाच सरकवायचा.

बाकीचं सामान

मिडी कीबोर्ड असेल तर तो आधी जोडा, मग एफएल स्टुडिओ उघडा. नंतर जोडलेला कीबोर्ड वाइनला बऱ्याचदा दिसत नाही. लायसन्सची यूएसबी डोंगल मागणारं सॉफ्टवेअर असेल तर त्यावर भरवसा ठेवू नका, कारण वर सांगितलेलं ड्रायव्हरचंच कारण तिथेही लागू होतं.

इंटरफेसचं कंट्रोल पॅनेल किंवा फर्मवेअर अपडेट करायचं सॉफ्टवेअरही वाइनमध्ये डबा शोधत बसेल आणि त्याला सापडणार नाही. त्यासाठी व्हर्च्युअलबॉक्समध्ये खरं विंडोज टाकून यूएसबी पोर्ट त्याच्या हवाली करता येतो. तिथे कंपनीचा ड्रायव्हर खराच चालतो. सेटिंग बदलायला हे ठीक आहे. पण त्यात रेकॉर्डिंग करायचा प्रयत्न करू नका, आवाज तुटतो. आणि फर्मवेअर अपडेट चालू असताना वीज किंवा केबल गेली तर डबाच जाऊ शकतो, म्हणून ते काम एखाद्या मित्राच्या विंडोज मशीनवर केलेलं बरं.

राहिलं अपडेटचं. वाइन अपडेट झालं की वाइनएएसआयओच्या फाइली परत ठेवाव्या लागू शकतात. त्यामुळे ज्या आठवड्यात ऑर्डरी आहेत त्या आठवड्यात अपडेटचं बटण दाबू नका. मिंटमध्ये टाइमशिफ्ट असतं, सगळं चालतंय त्या दिवशी त्याचा एक स्नॅपशॉट घ्या. मात्र टाइमशिफ्ट मूळ सेटिंगमध्ये होम फोल्डर घेत नाही, आणि तुमचा खोटा सी ड्राइव्ह, म्हणजे एफएल स्टुडिओ, त्याचं लायसन्स, रजिस्ट्रीतली नोंद, हे सगळं होम फोल्डरमध्येच असतं. तो फोल्डर नावाच्या आधी टिंब असल्यामुळे लपलेला असतो. कंट्रोल आणि एच दाबलं की दिसतो. तो वेगळा कॉपी करून पेन ड्राइव्हवर ठेवा. पेन ड्राइव्ह एक्स्ट-४ ने फॉरमॅट केलेली हवी, नाहीतर आधी त्या फोल्डरची टार फाइल बनवून मग ती ठेवा, कारण आतल्या काही लिंक साध्या पेन ड्राइव्हवर टिकत नाहीत. आमच्या पठ्ठ्याने त्याच दिवशी क्लासवरच टार फाइल बनवली, पेन ड्राइव्हला पांढरी पट्टी चिकटवून तारीख लिहिली, आणि सहाच्या एसटीने परत गेला.